वाईच बसतास काय?

"पाऊस खंय आसा? छत्री कित्याक?"

या पुस्तकाची सुरुवात या प्रश्नानं झाली. मालवणच्या धक्क्याजवळ संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू होता. एका पडक्या भिंतीला मी राखाडी कापड टांगलं होतं, शेजारी स्टँडवर फ्लॅश चढवला होता आणि त्याचा उजेड मऊ व्हावा म्हणून पांढरी छत्री उघडून ठेवली होती. आजूबाजूला बांगड्यांच्या टोपल्या, बर्फ, बोलीचा गलका, मांजरं. विचारणाऱ्या बाईला मी उत्तर देणार तेवढ्यात समुद्रावरून वारा आला आणि छत्री उलटी होऊन स्टँडसकट सुरमईच्या राशीवर आडवी झाली. तासभर मी ज्यांच्यामागे "एक फोटो काढू का" म्हणून फिरत होतो आणि जे मला टाळत होते, ते सगळे एकदम हसले. हसता हसताच त्यांच्यातला एक जण कापडापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, "काढा." छत्री मोडली म्हणून पुस्तक झालं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या पानांवरची माणसं मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, देवगड इथल्या बाजारांत, धक्क्यांवर, एसटी स्टँडवर आणि जत्रांमध्ये भेटलेली आहेत. कुणीही माझ्या ओळखीचं नव्हतं. कुणालाही मी स्टुडिओत नेलं नाही, तरी प्रत्येकाचा फोटो स्टुडिओत काढल्यासारखा यावा असा माझा हट्ट होता. उजेड एका बाजूनं, डोळ्यांत त्याचा एक ठिपका, मागचं सगळं शांत, आणि माणूस आपल्याला कुणीतरी बघतंय हे ठाऊक असलेला. रस्त्यावरचं छायाचित्रण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुसराच प्रकार येतो: बेसावध माणसाला दुरून टिपणारा, कॅमेरा दिसू न देणारा. त्या प्रकारात थोर कामं झाली आहेत, मी ती आदरानं पाहतो. पण मला ते जमत नाही. माणसाला न विचारता त्याचा चेहरा घेऊन जाताना मला कायम कुणाच्या तरी वाडीतला आंबा उचलल्यासारखं वाटत आलंय.

म्हणून विचारायचं ठरवलं. आणि विचारलं की लक्षात येतं, अनोळखी हा शब्द मुंबईत एक आणि मालवणात अगदी दुसरा.

दादर स्टेशनबाहेर एखाद्याला थांबवलं, तर तो घड्याळाकडे बघतो. दोन मिनिटं देतो किंवा देत नाही. तुम्ही कोण हे त्याला जाणून घ्यायचं नसतं. मालवणच्या भरडावर हे चालत नाही. इथे आधी तुमची चौकशी होते. "तुमी खंयचे?" मग "कोणाचे?" मग गावात घर आहे का, आहे तर कुठल्या वाडीत, गणपतीला येता का, की घर बंद करून ठेवलंय. मी मुंबईत वाढलेला, चाकरमान्याचा मुलगा. माझी मालवणी मे महिन्यातली आणि भाद्रपदातली. पहिल्या दोन-चार वाक्यांतच ती उघडी पडते. पण वडिलांचं गाव आणि वाडी सांगितली की समोरचा माणूस मनात कुठेतरी धागे जुळवतो, "म्हणजे तुमी त्येंचे..." असं काहीतरी पुटपुटतो आणि बसतो. या जिल्ह्यात फोटो काढताना अनोळखी माणूस बहुतेक वेळा एकच असतो, आणि त्याच्या हातात कॅमेरा असतो.

हे एकदा समजलं की काम सोपं होतं आणि अवघडही. सोपं अशासाठी, की "वाईच बसतास काय?" एवढं विचारायला लाज वाटेनाशी होते. अवघड अशासाठी, की ज्याला तुमची वाडी ठाऊक झाली तो फोटो मागायला येणारच.

या खटाटोपाला पूर्वज बरेच आहेत. त्यातले काही विसरण्यासारखे आहेत, पण विसरू नयेत. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या सोसायटीत डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ. घराणं गोव्यातल्या मांद्र्याचं, म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याहून तेरेखोल ओलांडली की पलीकडे. मुंबईच्या रस्त्यांवरच्या लोकांचे फोटो काढणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. त्याच मंडळीतल्या विल्यम जॉन्सन यांनी 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यात त्यांनी केलेली गंमत अशी: माणसांचे गट एकीकडे बसवून त्यांचे फोटो घ्यायचे, ती माणसं कापून काढायची आणि वेगळ्याच ठिकाणी काढलेल्या देखाव्यावर चिकटवायची. माणूस एका जागचा, त्याच्यामागचं देऊळ दुसऱ्या जागचं. मग सरकारनं 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. त्यातही चित्राखाली येतं ते बहुतेकदा जातीचं किंवा जमातीचं नाव. बसणाऱ्याचं स्वतःचं नाव शोधावं लागतं.

त्या खंडांतली छपाई पाहिली की जीव हरखतो आणि पुढच्याच क्षणी खट्टू होतो. उजेड सुंदर, बैठक सुंदर, आणि माणूस नमुन्याच्या बाटलीतला. स्टुडिओची सगळी कारागिरी हाताशी असून स्टुडिओतला मान तेवढा नाही. माझ्या दृष्टीनं स्टुडिओची खरी गोष्ट तो मानच आहे. आठवून पाहा. लहानपणी आपल्याला फोटो स्टुडिओत नेलं जायचं तेव्हा आधी केस विंचरले जायचे. आत एक आरसा असायचा, त्याच्यापुढे कंगवा आणि पावडरचा डबा. फोटोग्राफर हनुवटी दोन बोटांनी वर उचलायचा, "हलू नको" म्हणायचा. त्या दोन मिनिटांत जगात आपल्याशिवाय दुसरं कुणी महत्त्वाचं नसायचं. तो आरसा आणि ती दोन मिनिटं रस्त्यावर नेता येतात का, एवढाच माझा प्रश्न होता. म्हणून माझ्या पिशवीत लेन्सच्या आधी आरसा असतो.

जॉन्सननी केलं त्याच्या नेमकं उलट करणारे लोकही होऊन गेले. मालीमधल्या बामाको शहरात सेदू केइता यांनी 1948 मध्ये स्टुडिओ थाटला. अंगणात, दिवसाच्या उजेडात, पडदा म्हणून स्वतःच्या पलंगावरची झालरीची चादर. गिऱ्हाइकांना घालायला घड्याळ, बसायला स्कूटर, हाताशी रेडिओ. आपल्याकडच्या गावच्या स्टुडिओवाल्यांना हे वाचून भाऊबंद भेटल्यासारखं वाटेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतला फोटोग्राफर अर्व्हिंग पेन पेरूमधल्या कुस्को गावी पोचला. तिथल्या फोटोग्राफरचा स्टुडिओ त्यानं नाताळापुरता भाड्यानं घेतला. सणाचे फोटो काढून घ्यायला लोक नेहमीप्रमाणे पैसे घेऊन आले. पेननं त्यांचेच फोटो काढले आणि वर त्यांनाच पैसे दिले. "पैसे किती पडतले?" हा प्रश्न मला रोज पडतो, म्हणजे लोक विचारतात. तेव्हा पेनची आठवण येते. मी पैसे देत नाही आणि घेत नाही. फोटोचा एक प्रिंट देतो.

पेनचीच दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. 1950-51 मध्ये त्यानं पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कामकऱ्यांना कामाच्या कपड्यांत, हत्यारांसकट स्टुडिओत बोलावलं. पॅरिसवाल्यांना यात काहीतरी काळंबेरं वाटलं. लंडनवाले वेळेवर आणि ऐटीत आले. न्यूयॉर्कचे काही जण दाढी करून, कामाचे कपडे घरी टाकून, चक्क रविवारचा सूट चढवून हजर झाले. पेननं हे मिश्कीलपणे लिहून ठेवलंय. मला मात्र तो न्यूयॉर्कवाला ओळखीचा वाटतो. मालवणच्या धक्क्यावर तो मला रोज भेटतो, फक्त तो बाई असतो.

मासे विकणाऱ्या अशाच एका बाईचा मला हवा होता तो फोटो असा: कासोटा मारलेलं लुगडं, कोपरापर्यंत खवले, पुढ्यात टोपली. तिला हवा होता तो फोटो असा: जांभळी साडी, गळ्यात सगळं सोनं, मोकळे हात. "असल्या लुगड्यात? रव, बदलून येतंय." ती गेली. उजेड जात होता. मी मनात चरफडत होतो. बरोबरच्या मित्रानं सुचवलं, आहे तसा आधीच काढून घ्यायला हवा होतास, ते खरं झालं असतं. यावर मी खूप विचार केलाय. आयुष्यभर ज्या वेषात लोकांनी तिला भावावरून हुज्जत घालताना पाहिलं, त्याच वेषात तिनं भिंतीवरही राहायचं, हा हट्ट कुणाचा? मासळीवालीचं खरेपण खवल्यांत आहे हे शहरातल्या मासिकानं ठरवलेलं. ती अर्ध्या तासानं आली, जांभळ्या साडीत, केसांत अबोलीचा वळेसर माळून. मागचा उजेड संपला होता म्हणून फ्लॅशवर काढावा लागला. तांत्रिकदृष्ट्या या पुस्तकातला तो सगळ्यात कच्चा फोटो आहे, आणि मी तो मुखपृष्ठासाठी आग्रहानं मागितला.

अर्थात माझ्या या तत्त्वाला एक भोक आहे, ते सांगून टाकतो. कुडाळच्या एसटी स्टँडवर एका कॉलेजच्या मुलीनं फोटो बघून विचारलं, "थोडी गोरी करता येईल?" जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून हे सर्रास करायचे, आजचा फोन न विचारता करतो. कसं दिसायचं हे बसणाऱ्यानं ठरवायचं असं मीच म्हणत आलो होतो. तरी मी नाही म्हणालो. ती नाराज झाली. तिनं प्रिंट घेतला, पण हा फोटो छापू नका म्हणाली. तो या पुस्तकात नाही.

आता उजेडाबद्दल, कारण या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला सर्वांत मोठी मदत आणि सर्वांत मोठा मार त्याचाच असतो.

सिंधुदुर्गाचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. सकाळचं ऊन सह्याद्रीवरून, मग माडांतून, असं गाळून येतं. संध्याकाळचं मात्र थेट समुद्रावरून तोंडावर, मध्ये काही आड नाही. त्या उन्हात माणूस सोन्याचा दिसतो खरा, पण डोळे बारीक करतो, आणि बारीक केलेल्या डोळ्यांचा फोटो हा कपाळाचा फोटो असतो. थांबायचं. सूर्य पाण्यात बुडाला की पुढची पंधरा-वीस मिनिटं सगळं आकाश एका मोठ्या कापडासारखं उजळून राहतं, सावली उरतच नाही. होड्या लागून लिलाव रंगतो तोही साधारण याच वेळी. म्हणजे उजेड उत्तम असतो तेव्हा कुणाला वेळ नसतो. दुपारी वेळ असतो, पण दुपारी वाळू खालून उजेड फेकते. हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, डोळे खोबणीत जातात. दशावतारात रावणाला शोभेल, बांगडे विकणाऱ्याला शोभत नाही.

त्यावर उपाय कोकणातल्या घरांनी शेकडो वर्षांपूर्वी शोधून ठेवलाय. पडवी. उतरत्या छपराखाली माणसाला कडेशी बसवायचं, तोंड खळ्याकडे. वरचं ऊन छप्पर अडवतं, समोरचा मोकळा उजेड चेहऱ्यावर सपाट न पडता वळण घेत आत जातो आणि पाठीमागचा अंधार आपोआप पडदा होतो. हजारो रुपयांचा सॉफ्टबॉक्स याहून निराळं काही करत नाही. बाजारात पडवी नसते, पण दुकानाचं शटर अर्धं वर असतं, एसटी स्टँडला छप्पर असतं, देवळाला सभामंडप असतो. सावंतवाडीत जन्मलेल्या चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ते जलरंगातलं चित्र पुष्कळांनी पाहिलं असेल, निदान कॅलेंडरवर तरी: हातात दिवा घेतलेली, ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरलेली तरुणी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. दिवा एकच. ज्योत हातानं झाकली म्हणून बोटं आतून पेटल्यासारखी लाल दिसतात आणि चेहऱ्यावर येतो तो गाळलेला, उरलेला उजेड. दिवे वाढवत नेण्यापेक्षा असलेला उजेड अडवायला शिकावं हे मला त्या चित्रानं शिकवलं. माझ्या पहिल्या सामानात तीन फ्लॅश होते. शेवटच्या वर्षी उजेड अडवायला एक काळं कापड आणि एक थर्माकोल उरला.

तो थर्माकोलही कुठून आला सांगतो. फोटोग्राफीत सावलीच्या बाजूला उजेड परतवण्यासाठी पांढरा थर्माकोल धरतात. माझा प्रवासात तुटला. धक्क्यावर बर्फातल्या मासळीच्या पेट्यांची झाकणं थर्माकोलचीच असतात. एका पोरानं एक उचलून दिलं आणि स्वतःच धरून उभा राहिला. उजेड अप्रतिम आला. मोरी माशाचा वास मात्र गाडीत अजून आहे.

या कामाला सर्वोत्तम ऋतू कुठला, असं विचाराल तर जून-जुलै. हे ऐकून लोक हसतात. पर्यटक नाहीत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाऊस आडवा. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर धक्क्याला किंवा खाडीत ओढून ठेवलेले, आणि माणसं मांगरात बसून जाळी विणतायत, दुरुस्त करतायत. त्यांना वेळ असतो, गप्पा मारायला हव्या असतात. वर ढगांनी भरलेलं आकाश म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेला एकच मऊ दिवा. देवबाग-तारकर्लीच्या त्या पट्ट्यावर भर दुपारी बारा वाजता मी असे फोटो काढलेत की लोक विचारतात, कुठल्या स्टुडिओत? किंमतही मोजावी लागते. एका पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढली, दुसऱ्या पावसाळ्यात खाऱ्या दमटपणानं फ्लॅशचे संपर्क गंजले.

आणखी एक अडचण नवशिक्यांच्या पाठीमागे लागते. कॅमेऱ्यातला मापक समोरच्या सगळ्याची सरासरी काढून मध्यम राखाडी रंगाचा हिशेब करतो. मागे चकाकता समुद्र आणि पुढे उन्हानं रापलेला चेहरा असला, की तो समुद्र सांभाळतो आणि माणूस काळाठिक्कर करतो. समुद्राला पांढरा होऊ द्यावा. तो उद्याही तिथेच आहे. उजेड गालावर मोजावा. माणसामागच्या माझ्या कापडाचा रंग राखाडी आहे तोही यासाठीच, पांढऱ्यापुढे सावळा माणूस आणखी गडद भासतो.

कापडाबद्दल रिचर्ड अ‍ॅव्हेडनचं नाव निघतंच. 1979 ते 1984 या काळात त्यानं अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, ट्रकवाले, भटके, खाटीक यांना पांढऱ्या कागदापुढे, सावलीत उभं करून मोठ्या लाकडी कॅमेऱ्यानं टिपलं. साडेसातशेहून अधिक माणसं. तो कॅमेऱ्यामागे नव्हे, शेजारी उभा राहायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. हे मी त्याच्याकडून उचललं. पांढरा कागद उचलला नाही. त्या कागदानं माणसं प्रचंड ठसठशीत झाली आणि त्यांच्यामागची जागा पुसली गेली. ती माणसं कशी दिसतात त्यापेक्षा अ‍ॅव्हेडनला पश्चिम कसा वाटतो हेच त्यात दिसतं, अशी टीका तिकडे झाली, आणि मला ती पटते. म्हणून या पुस्तकात कापडाची कड कापलेली नाही. कडेला जांभ्या चिऱ्याची भिंत दिसते, जाळ्याचा निळा ढीग दिसतो, कधी कापड धरणाऱ्याची बोटं. माणूस त्याच्या मुलखातून उचललेला नाही, मध्ये फक्त एक कापड आलंय एवढं कळावं.

दशावतारी कलावंतांची जी दहा पानं आहेत तिथे माझं काम जवळपास नव्हतंच. हे लोक आपला चेहरा आपणच रंगवतात, देवळाच्या कोपऱ्यात पेटाऱ्याशी मांडी घालून, हातभर आरशात बघत. कुठल्या बाजूनं उजेड आला की भुवई कशी उठते हे त्यांना कुठल्याही फोटोग्राफरपेक्षा चांगलं ठाऊक असतं. एका राजानं मला सांगितलं, "तुमी थंय उभे रवा." मी उभा राहिलो. फोटो चांगला आला. तोच राजा दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा स्टँडवर भेटला. तिथेही त्याचा फोटो काढला. दोन्ही समोरासमोरच्या पानांवर आहेत, आणि रिक्षावाल्याची मान जास्त ताठ आहे.

आमच्याकडचं सर्वांत जुनं व्यक्तिचित्र कुठलं, असा एक खेळ मी स्वतःशी खेळत असतो. सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथली महाराजांची मूर्ती नेहमीच्या जिरेटोपात नाही. डोक्यावर नाखव्यासारखी टोपी आहे. किल्ला बांधणाऱ्यांनी आणि वल्ही मारणाऱ्यांनी महाराज आपल्यात बसवून घेतले, असा मी त्याचा अर्थ लावतो. इतिहासकार दुसरा लावतील. त्याच किल्ल्यात चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून जपलेले आहेत. किल्ल्याचं काम 1664 मध्ये सुरू झालं, कॅमेरा यायला पावणेदोनशे वर्षं होती. "मी इथे होतो" हे सांगायला तेव्हा चुना पुरला.

आता माणसांकडे तसे ठसे कमी आहेत, असं म्हटलं तर फोनच्या काळात विनोद वाटेल. पण साठीपुढच्या कितीतरी जणांनी मला सांगितलं, की धड असा फोटो आधारचाच. तोही मान अवघडलेला, डोळे वटारलेला. माणूस गेला की तोच मोठा करून बॅनरवर येतो, हार घालून ओटीवर टांगला जातो आणि नातवंडांना आजी तशीच आठवते. आचऱ्याच्या बाजूच्या एका आजींनी मला अगदी व्यवहारानं सांगितलं, "मेल्यावर लावूक बरो दिसतलो असो काढ." त्यांनी स्वतः जागा निवडली, तुळशीपाशी. आणि हसायचं नाही असं ठरवलं, कारण दिवसाला जेवायला आलेल्या लोकांकडे बघून कुणी हसतं का.

रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी प्रिंट दिला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यां माझां तोंड नाय. बापाशीचां." आणि पिशवीत बांगड्यांशेजारी ठेवून निघाले. मी हाक मारून प्लास्टिकची पिशवी दिली.

प्रिंट देणं हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे, हे मला उशिरा समजलं. सुरुवातीला मी फोटो मुंबईला छापून पाठवायचो. एका लॅबनं एक अख्खी फाइल गहाळ केली, काही पाकिटं पत्त्याअभावी परत आली. "वाडी, पोस्ट, तालुका" एवढं लिहून घ्यायचं राहून गेलेलं. पुढे हातात मावणारा प्रिंटर घेतला, तो मिनिटभरात पोस्टकार्डाएवढा फोटो देतो. नव्यानं हे करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की दुसरी लेन्स घेण्याआधी तो घ्या.

चित्रांखाली नाव लिहायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवलंय. काहींनी नुसतं वाडीचं नाव सांगितलं, काहींनी होडीचं. दोघांनी काहीच नको म्हटलं. ते तसंच छापलंय.

पहिल्या वर्षीचे तेवीस प्रिंट अजून माझ्याकडे पडून आहेत. ते फोटो शेवटच्या पानांवर लहान आकारात एकत्र दिलेत. त्यातलं कुणी तुमच्या ओळखीचं निघालं तर प्रकाशकांकडे वाडी, पोस्ट आणि तालुका तेवढा कळवा. प्रिंट पोचता करणं माझ्याकडे लागलं.